आयरिश कस्टर्ड टार्ट घरी करायचाय? खरेदीपासून कापण्यापर्यंत सगळं, नवख्यांसाठी

डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे, कुठेही नोकरीसाठी आलात आणि भाड्याचं घर घेतलं की किचनमध्ये ओव्हन आधीपासून बसवलेला असतोच, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी त्या ओव्हनमध्ये काय असतं तर कढया, तवे आणि कुकरचं झाकण. तर आधी त्या कढया बाहेर काढा. आयुष्यात कधी ओव्हनमध्ये काही भाजलेलं नाही, पण इथल्या बेकरीत तो पिवळाधम्मक, वर जायफळ भुरभुरलेला टार्ट खाल्लाय आणि "हे घरी जमेल का" असं मनात येऊन गेलंय, अशांसाठी हे लिहितेय. जमतं. अवघड काही नाही, फक्त वेळखाऊ आहे, आणि तो वेळ बहुतेक फ्रिजकडे बघत बसण्यात जातो. भारतातून वाचत असाल तर तुमच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे पण मधलं वाचल्याशिवाय तिकडे उडी मारू नका.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करून घ्या. हा एक पदार्थ नाहीये, दोन आहेत. बाहेरची पारी मैदा-लोण्याची, तिला कडक आच लागते आणि ती कोरडी राहिली पाहिजे. आतलं कस्टर्ड अंड्याचं, त्याला मंद आच लागते आणि ते ओलं राहिलं पाहिजे. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. म्हणून पारी आधी पूर्ण भाजायची आणि कस्टर्ड नंतर वेगळ्या तापमानाला शिजवायचं. खालची सगळी उठाठेव याच एका भांडणासाठी आहे.

हा नक्की कुठला टार्ट

खरं सांगायचं तर हा टार्ट एकट्या आयर्लंडचा नाही, इंग्लंडमध्येही हाच असतो आणि त्यावरून भांडण करण्यात अर्थ नाही. इथला म्हणून जो फरक पडतो तो लोण्याने आणि क्रीमने. गाई वर्षातला बराच काळ बाहेर ओल्या गवतावर चरतात, गवतातलं बीटा-कॅरोटीन दुधात उतरतं, म्हणून इथलं लोणी रंग न घालताही पिवळं असतं. कॉर्कमध्ये १७७० साली बटर एक्स्चेंज सुरू झालं आणि तिथून लोण्याचे पिंप जहाजाने लांब लांब जायचे; शँडन भागात आता त्याचं म्युझियम आहे, कॉर्कला गेलात तर तासभर काढा. जुन्या आयरिश शेतघरांत ओव्हन मात्र क्वचितच असायचा, चुलीतल्या टर्फच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीसारख्या सरपणाच्या) विस्तवावर बॅस्टिबल नावाचं जाड लोखंडी भांडं ठेवून झाकणावरही निखारे रचायचे आणि त्यात ब्रेड न् केक भाजायचे. खेडोपाडी वीज न्यायचं काम १९४६ ला सुरू झालं, विजेचे कुकर, म्हणजे ओव्हनवाल्या शेगड्या, त्यानंतरचे. त्यामुळे मंद आचेवर तासभर न हलवता शिजणारी ही गोष्ट आज आपल्याला जितकी सोपी आहे तितकी तेव्हाच्या बायकांना नव्हती हे नक्की.

नावांचे गोंधळ आधीच निस्तरून टाकू. इथल्या बेकरीत कस्टर्ड स्लाइस म्हणून चौकोनी तुकडा मिळतो, पदर सुटलेल्या दोन पाऱ्यांच्या मध्ये घट्ट कस्टर्ड, तो वेगळा. गोव्यात मिळतो तो पोर्तुगीज पास्तेल द नाता, तोही वेगळा, त्याची पारी पदरांची असते, भट्टी प्रचंड तापलेली लागते आणि वरचे काळे डाग मुद्दाम पाडलेले असतात. आपल्या टार्टवर काळा डाग पडला तर आच जास्त झाली समजायचं.

आणि आपण लहानपणापासून ज्याला कस्टर्ड म्हणतो, फ्रूट सॅलडवालं, ते पावडरचं. ती पावडर अल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने १८३७ मध्ये बर्मिंगहॅमला काढली, बायकोला अंडं चालायचं नाही म्हणून, आणि ती मुळात कॉर्नफ्लावर आहे. इथल्या दुकानात बर्ड्सचा डबा आणि तयार कस्टर्डचे कार्टन शेजारीशेजारी दिसतील, दोन्हीपैकी काहीही घेऊ नका.

काय काय लागेल

मापं २० सेंटीमीटर व्यासाच्या आणि साडेतीन सेंटीमीटर खोल टिनसाठी आहेत, आठ तुकडे होतात.

पारीसाठी: मैदा २०० ग्रॅम, थंड लोणी १०० ग्रॅम, आयसिंग शुगर ५० ग्रॅम, एका अंड्याचं पिवळं, बर्फाचं पाणी एक-दोन चमचे, चिमूटभर मीठ.

कस्टर्डसाठी: क्रीम ३०० मिली, फुल फॅट दूध २०० मिली, दोन अख्खी अंडी आणि वर पाच अंड्यांचं फक्त पिवळं, कास्टर शुगर ८० ग्रॅम, व्हॅनिला एक छोटा चमचा, अख्खं जायफळ.

म्हणजे एकूण आठ अंडी. हो, आठ. आकडा बघून दचकू नका.

सामान: तळ सुटा होणारा टिन, डिजिटल वजनकाटा, लाटणं, बेकिंग पेपर, बारीक गाळणी, चोच असलेला जग, बारीक किसणी, आणि अर्धा-पाऊण किलो जुने तांदूळ किंवा राजमा. ते कशाला ते पुढे कळेल. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर डोळ्यांनी काम भागतं.

आता खरेदीतले सापळे, कारण निम्मी गडबड दुकानातच होते.

मैद्याच्या रॅकसमोर उभं राहिलं की गोंधळ होतो. क्रीम फ्लावर लिहिलेलं दिसेल, त्यात क्रीम वगैरे काही नसतं, तो साधा मैदाच, तोच घ्यायचा, प्लेन लिहिलेलाही चालेल. सेल्फ रेझिंग घ्यायचा नाही, त्यात बेकिंग पावडर असते आणि पारी फुगते. स्ट्राँग म्हणजे ब्रेडचा, त्यात ग्लूटेन जास्त, पारी चिवट होते. होलमील सोडा ब्रेडसाठी ठेवा.

लोणी २२७ किंवा ४५४ ग्रॅमच्या पाकिटात येतं, जुन्या पौंडाच्या हिशोबाने. इथे नुसतं बटर म्हणून उचललंत तर ते बहुतेक खारं निघतं. खाऱ्यानेही टार्ट चांगला होतो, माझ्या मते उलट जास्तच चांगला, फक्त मग वरचं मीठ घालू नका. स्प्रेडेबल लिहिलेलं डब्यातलं मात्र नको, त्यात तेल मिसळलेलं असतं आणि पारी लाटताच येत नाही.

अंडी मीडियम म्हणजे ५३ ते ६३ ग्रॅम आणि लार्ज म्हणजे ६३ ते ७३. वरची मापं लार्जची आहेत. मीडियम असतील तर पिवळं एक वाढवा.

साखर कास्टरच का तर ती बारीक असते, पटकन विरघळते. साधी साखर मिक्सरमधून फिरवलीत तरी तेच.

जायफळाची तयार पूड घेऊ नका. एकदा किसलं की त्याचा वास उडायला वेळ लागत नाही आणि या टार्टमध्ये मसाला म्हणून तेवढं एकच आहे. अख्खी जायफळं छोट्या बरणीत मिळतात, वर्षभर पुरतात.

शेवटचं, अमेरिकन रेसिप्यांतलं कपाचं माप विसरा. माणूस बदलला की कपातला मैदा बदलतो. वजनकाटा स्वस्त असतो, घ्या.

१. आधी ओव्हनशी ओळख करून घ्या

बटन फिरवलं आणि काही झालं नाही तर ओव्हन बिघडलाय म्हणून घरमालकाला लगेच फोन करू नका. इथल्या किचनमध्ये भिंतीवर कुकरचा, म्हणजे ओव्हन-शेगडीचा, वेगळा मोठा स्विच असतो, बऱ्याचदा लाल, कधी तो कपाटाच्या आतही असतो, तो चालू आहे का बघा. दुसरं म्हणजे अनेक ओव्हन घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. वीज गेली किंवा तो स्विच बंद केला की घड्याळ शून्यावर जाऊन लुकलुकत राहतं, वेळ सेट केली की काम सुरू.

मग पंख्याचं चिन्ह शोधा. पंखा चालू असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवायचं. मी खाली दोन्ही आकडे देतेय. शक्य असेल तर कस्टर्डच्या वेळी पंखा बंदच ठेवा, गरम वाऱ्याने वर जाड साय धरते.

आणि पहिल्यांदाच वापरत असाल तर रिकामा ओव्हन अर्धा तास तापवून घ्या, आधीच्या भाडेकरूच्या पिझ्झाचं चीज तळाला असणारच, ते जळून धूर होतो आणि स्मोक अलार्म बोंबलतो. खिडकी उघडी ठेवा.

२. पारीचं पीठ

मैदा, आयसिंग शुगर आणि मीठ चाळून परातीत घ्या. लोणी फ्रिजमधून थेट काढून बारीक तुकडे करा. आपल्याला करंजीची सवय, तूप कडकडीत तापवून मोहन घालायची. इथे नेमकं उलटं. लोणी वितळता कामा नये. बोटांच्या टोकांनी, तळव्याने नाही कारण तळवा गरम असतो, लोणी मैद्यात चोळत जा, जाडसर रव्यासारखं दिसलं की थांबा.

मग पिवळं आणि एक चमचा बर्फाचं पाणी घालून सुरीने ढवळा. गोळा होतोय असं वाटलं की हाताने दाबून एकत्र करा. कणीक मळतो तसं मळायचं नाही. हे सांगूनही लोक मळतातच, कारण हात ऐकत नाहीत, पण जितकं मळाल तितकं ग्लूटेन तयार होतं आणि पारी भाजताना आकसते, कडक होते. थोड्या भेगा दिसल्या तरी राहू द्या. पाणी अगदीच कमी पडलं तर अजून एक चमचा, त्याच्या वर नाही.

गोळा चपटा करून, गुंडाळून फ्रिजमध्ये किमान एक तास. आदल्या रात्री करून ठेवलात तर सगळ्यात उत्तम, दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं होतं.

३. लाटणं आणि टिनमध्ये बसवणं

बेकिंग पेपरच्या दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवून लाटा. ओट्यावर मैदा भुरभुरून लाटायला हरकत नाही पण नवख्या हाताला पेपर बरा पडतो, चिकटत नाही आणि उचलताही येतं. पोळीसारखं पातळ नको, साधारण तीन मिलीमीटर. गोल टिनपेक्षा मोठा हवा कारण तळ २० आणि दोन्ही बाजूंच्या भिंती साडेतीन-साडेतीन, म्हणजे २७ झाले, वर थोडं बाहेर लोंबायला हवं, तर ३० सेंटीमीटर धरा.

टिनवर टाकल्यावर पारी ताणू नका, हळूच उचलून उचलून कोपऱ्यात सोडा. ताणलेली पारी भाजताना पुन्हा आपल्या जागी जाते आणि भिंत खाली घसरते. काठाबाहेरचा भाग कापायचा नाही, लोंबू दे, तो भाजून झाल्यावर कापायचा. उरलेलं पीठ टाकून देऊ नका, गोटीएवढं तरी बाजूला ठेवा, भेगा बुजवायला लागतं.

तळाला काट्याने टोचे मारायचे का? बिस्किटांना मारतात म्हणून इथेही मारतात, पण आपलं कस्टर्ड पाण्यासारखं पातळ आहे, भोक राहिलं की तिथूनच गळणार. मी मारत नाही.

टिनसकट परत फ्रिजमध्ये अर्धा तास, किंवा फ्रीझरमध्ये १५ मिनिटं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पारी बसली म्हणून रडतात.

४. रिकामी पारी भाजणं

ओव्हन १९० ला तापवा, पंख्याचा असेल तर १७०. बेकिंग पेपर चुरगाळून परत सरळ करा, असा पेपर कोपऱ्यात नीट बसतो. तो पारीवर घालून त्यात तांदूळ किंवा राजमा काठापर्यंत भरा, भिंतींना टेकतील असे. वजनामुळे तळ फुगत नाही आणि भिंती उभ्या राहतात. हे तांदूळ नंतर शिजवून खाता येत नाहीत पण गार करून डब्यात ठेवले तर पुढच्या टार्टला परत वापरता येतात, डब्यावर लिहून ठेवा नाहीतर कोणीतरी भात लावेल.

२० मिनिटं भाजा. मग पेपर-तांदूळ उचलून पारी अजून १० ते १५ मिनिटं नुसती. थांबायचं कधी? तळ पूर्ण कोरडा आणि बिस्किटाच्या रंगाचा झाला की. पांढरट दिसत असेल तर अजून ठेवा. पुढच्या टप्प्यात आच इतकी मंद आहे की पारी तिथे आणखी शिजत नाही, जी कच्ची राहिली ती कच्चीच राहणार आणि वरून कस्टर्ड पडलं की लगदा.

बाहेर काढल्यावर नीट बघा. केसाएवढी भेग असेल तरी राखून ठेवलेल्या पिठाने बुजवा. मग उरलेल्या पांढऱ्यापैकी थोडंसं फेटून ब्रशने आतून सगळीकडे लावा आणि दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये. त्याने आत पातळ पापुद्रा धरतो आणि कस्टर्ड झिरपत नाही. आता ओव्हनचं तापमान १५० वर आणा, पंख्याचा असेल तर १३०, आणि दार दोन मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर तो गरमच राहतो.

५. कस्टर्ड

दूध आणि क्रीम एका पातेल्यात गरम करा, उकळी नाही आणायची, कडेला बारीक बुडबुडे आले की बंद.

दुसऱ्या भांड्यात अंडी, पिवळी, साखर आणि व्हॅनिला एकत्र करा. चमच्याने किंवा व्हिस्कने हळू ढवळा, फेटू नका. केक करणाऱ्यांना इथे फेस काढायचा मोह होतो, पण फेस म्हणजे हवा आणि ती हवा वर येऊन टार्टच्या तोंडावर खड्डे पाडते.

गरम दूध बारीक धारेने, ढवळत ढवळत अंड्यात ओता. उलटं, म्हणजे अंडी गरम दुधात, कधीही नाही. मग गाळा. गाळणं टाळू नका, अंड्यातले पांढरे दोरे कितीही ढवळले तरी राहतात. गाळलेलं जगमध्ये पाच मिनिटं राहू द्या, वर आलेला फेस चमच्याने काढून टाका.

अंड्याच्या वासाची भीती आपल्याकडे सगळ्यांनाच असते. हा वास मुख्यतः पांढऱ्यातून येतो आणि तोही जास्त शिजलं की. म्हणूनच इथे पिवळी जास्त आणि पांढरी फक्त दोन. नीट मंद शिजवलेल्या टार्टला दूध, लोणी आणि जायफळ यांचाच वास येतो.

६. ओतणं आणि शिजवणं: सगळा खेळ इथे

टिन बेकिंग ट्रेवर ठेवा, ट्रे ओव्हनच्या मधल्या जाळीवर ठेवा, जाळी अर्धी बाहेर ओढा आणि तिथेच जगने ओता. ओट्यावर काठोकाठ भरून ओव्हनपर्यंत चालत जायला निघालात तर दोन पावलांत कस्टर्ड पारीच्या बाहेरून खाली उतरतं, मग टार्ट टिनला चिकटतो. पारी अजून कोमट असेल आणि कस्टर्डही कोमट असेल तर फारच छान.

ओतल्याबरोबर जायफळ किसा. मोकळ्या हाताने, पाव जायफळ तरी, पूर्ण तोंडावर तपकिरी ठिपके दिसले पाहिजेत. जाळी हळू आत ढकला, दार लावा.

आता ३५ ते ५० मिनिटं. एवढी मोठी रेंज का म्हणाल तर प्रत्येक ओव्हन वेगळा, कस्टर्ड किती गरम ओतलंत त्यावरही आहे. म्हणून घड्याळावर विसंबू नका, ३० मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी बघा.

बघायचं काय? ट्रेला हलकासा धक्का द्या. काठापासून दोन-तीन बोटं कस्टर्ड घट्ट, हलत नाही, आणि मधला वाटीएवढा गोल खरवसासारखा थुलथुलतोय, ही बरोबर वेळ. मध्ये लाटा उठत असतील, पातळ दिसत असेल तर अजून पाच-सात मिनिटं. मध्ये काहीच हलत नसेल तर उशीर झालाय.

"पण मध्ये कच्चं दिसतंय!" इथेच सगळ्यांचा धीर सुटतो आणि अजून दहा मिनिटं ठेवतात. अंड्यातली प्रथिनं साधारण ७० अंशांच्या पुढे जाळं विणायला लागतात आणि दूध त्या जाळ्यात धरून ठेवतात. तापमान ८५ च्या आसपास गेलं की जाळं आवळतं, पाणी बाहेर पिळून निघतं, कस्टर्ड दाणेदार होतं आणि अंड्याचा वास मारतो, आणि मग ते परत नीट करता येत नाही. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काही मिनिटं काम करतच असते, त्यामुळे मधला थुलथुलीत भाग आपोआप सेट होतो. थर्मामीटर असेल तर बरोबर मध्यात ७५ दिसलं की बाहेर.

कॅरॅमल पुडिंगसारखं पाण्यात ठेवून शिजवायचं का असं विचारलं जातं. नाही. वाफेने पारी मऊ पडते आणि सुट्या तळाच्या टिनमध्ये पाणी शिरतं. मंद आच पुरेशी आहे.

७. गार होऊ द्या, खरंच

ओट्यावर जाळीवर ठेवा, पंख्याखाली नाही, फ्रिजमध्ये तर अजिबातच नाही. एकदम गार केलं की कस्टर्ड आकसून मध्ये भेग पडते. काठाबाहेरचा लोंबणारा भाग करवतीच्या दातांच्या सुरीने आडवा घासून काढा, कोमट असतानाच. चुरा कस्टर्डवर पडणार नाही असं बाहेरच्या दिशेने.

दीड-दोन तासांनी, खोलीच्या तापमानाला आला की कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप, परत पुसून दुसरा. गरम टार्ट कापला तर वाहतो, आणि मग लोक म्हणतात रेसिपी चुकीची आहे.

इथे हा चहाबरोबर खातात, चहा कडक आणि दूध घालून, आपल्याला बाहेरच्या देशात क्वचितच मिळतो तसा. कुठला चहा, बॅरीज की लायन्स, या वादात ऑफिसमध्ये पडू नका, कॉर्कची माणसं बॅरीजवर हळवी असतात. वर क्रीम, फळं, जॅम काही लागत नाही. स्ट्रॉबेरी लावून सजवलेला मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, दिसतो छान, पण स्ट्रॉबेरीचं पाणी सुटतं आणि जायफळ मरतं.

त्याच दिवशी खाल्ला तर सगळ्यात भारी. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस, पारी थोडी मऊ पडते. फ्रीझ करू नका, पाणी सुटतं. अंडं आणि दूध आहे, त्यामुळे गार झाल्यावर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको.

काय बिघडलं तर काय समजायचं

भिंत खाली बसली: पीठ जास्त मळलं, ताणून बसवलं किंवा फ्रिजची विश्रांती गाळली.

तळ ओला: रिकामी पारी कमी भाजली. हे सगळ्यात कॉमन आहे.

वर बुडबुड्यांचे खड्डे: फेस राहिला, किंवा आच जास्त होती.

मध्ये फुगून मग खाली बसला, कापल्यावर पाणी: जास्त शिजला. खायला चालतो, पाहुण्यांना देताना वर जायफळ अजून किसा.

दोन तासांनंतरही मध्ये पातळच: कमी शिजला. १३० ला अजून दहा-पंधरा मिनिटं ठेवून बघा, बऱ्याचदा वाचतो.

भारतात करताय?

मैदा आपला चालतो, फक्त २०० मधला २० ग्रॅम काढून तेवढं कॉर्नफ्लावर घाला, पारी जास्त खुसखुशीत होते. पिवळ्या खाऱ्या बटरने छान होतो, वेगळं मीठ नको. अंडी आपल्याकडे लहान असतात, त्यामुळे तीन अख्खी आणि पाच पिवळी घ्या.

क्रीमचा प्रश्न मोठा. टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं आणि इथलं त्याच्या बरंच वर, म्हणून क्रीम ३५० आणि दूध १५० करा, दूध म्हशीचं मिळालं तर फारच उत्तम. केकवर लावायचं गोड नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम चुकूनही नको, ते वनस्पती तेलाचं असतं.

मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात लोणी चोळायला घेतलंत तर ते पाच मिनिटांत वितळेल. परात आणि मैदा दोन्ही आधी फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी लवकर करा, आणि पीठ हाताला तेलकट लागायला लागलं की हट्ट न करता परत फ्रिजमध्ये टाका. छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड टार्टच्या फार जवळ असतो, कस्टर्डच्या वेळी फक्त खालचा रॉड लावा आणि टिन खालच्या खाचेत ठेवा. ओटीजीचा डायल आणि आतलं खरं तापमान यांचं फारसं पटत नाही, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर बाकीच्या बेकिंगलाही उपयोगी पडेल.

जायफळाच्या बाबतीत मात्र तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत जायफळाची झाडं असतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा नावाची जातही काढलीय, आणि बागेतून आलेलं ताजं जायफळ आणि सुपरमार्केटमधल्या बरणीतलं यात वासाचा जो फरक आहे तो या टार्टमध्ये लगेच कळतो. ओळखीत कोणाची बाग असेल तर मागून घ्या.

अंडं न खाणाऱ्यांसाठी काय? कस्टर्ड पावडर घालून, दूध-क्रीम शिजवून घट्ट करून, याच भाजलेल्या पारीत ओतून फ्रिजमध्ये सेट करा, वर जायफळ. चवीला छान लागतं, मुलं आवडीने खातात. पण तो वेगळा पदार्थ झाला, ओव्हनमधला तो थुलथुलीत मऊपणा त्यात येणार नाही, तेव्हा दोन्हीची तुलना करत बसू नका.

आणि ते सहा पांढरे

पारीला लावायला थोडं गेलं, बाकी जवळजवळ सहा अंड्यांचं पांढरं उरतं. इथे वाढदिवसाला हमखास असतो तो पाव्हलोवा (पांढरं आणि साखर फेटून मंद आचेवर भाजलेला गोड पदार्थ) त्यातूनच होतो, ओव्हन मंद तापलेला आहेच तर त्याच दिवशी उरकता येतो. एवढा उत्साह नसेल तर कांदा-मिरची घालून दुसऱ्या दिवशी ऑम्लेट, एखादं अख्खं अंडं मिसळा म्हणजे रबरासारखं होत नाही. किंवा डब्यात घालून फ्रीझ करा, दोन-तीन महिने सहज टिकतात, फक्त डब्यावर तारीख आणि आत किती आहेत तो आकडा लिहा कारण गोठल्यावर ते मोजता येत नाहीत. विसरलात तर वितळवून वजन करा, लार्ज अंड्याचं एक पांढरं साधारण ३५ ग्रॅम.